तिसऱ्याचे दार

मराठी माणसाला पराभव सांगायचा असला की तो पानिपताचे नाव घेतो. निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते, परीक्षेत मुलांचे होते, क्रिकेटच्या संघाचे तर वर्षातून दोनतीनदा होते. १४ जानेवारी १७६१ हा दिवस भाषेत इतका खोल रुतला आहे की ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असे सहज म्हणून जाणाऱ्याला त्या वाक्यात एक कोवळ्या वयाचा पेशवेपुत्र मरून पडला आहे, याची आठवणही राहिलेली नसते. परंतु मराठी राज्य ज्या लढाईमुळे खरोखर दुसऱ्याच्या हाती गेले ती कोणती, असे कोणी विचारले तर मी पानिपताचे नाव घेणार नाही, आणि शाळेत पाठ करायला लावतात त्या असई-आडगावचेही घेणार नाही. ती लढाई २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पुण्याच्या पूर्वेला हडपसरच्या माळावर झाली. हडपसर म्हटले की आज मगरपट्ट्यातल्या कंपन्या, भाजीचा बाजार आणि सोलापूर रस्त्यावरची वाहतूक आठवते. तिथे एका दुपारी मराठी राज्याचा पुढचा सारा इतिहास वळला, हे पुण्यात जन्म काढलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

या लढाईत एका बाजूला यशवंतराव होळकर होते आणि दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंद्यांची फौज व दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे स्वार. दोन्हीकडच्या कवायती पलटणींवर काही युरोपीय अधिकारी नोकरीला होते, पण त्या दिवशी मैदानात कोणतीही परकी सत्ता उतरलेली नव्हती. जिंकले ते आपले आणि हरले तेही आपलेच. पानिपताचे दुःख उघडपणे करता येते, कारण तिथे समोर अब्दाली होता. हडपसरचे दुःख करायचे तर कोणासाठी करायचे आणि राग धरायचा तर कोणावर, हेच ठरत नाही. म्हणून ती लढाई पुस्तकात एकदोन ओळींत आटोपते आणि वाचणाऱ्याला घाईघाईने वसईच्या तहापर्यंत पोहोचवून देते. भाषेने मात्र अशा युद्धांसाठी नेमका शब्द जपून ठेवला आहे. प्रभासक्षेत्री एकमेकांना मारून संपलेल्या यादवांच्या नावावरून आपण आपसातल्या युद्धाला ‘यादवी’ म्हणतो.

यादवीतली निर्णायक लढाई ओळखण्याची कसोटी दोन राज्यांमधल्या युद्धाच्या कसोटीहून वेगळी ठेवावी लागते, असे माझे म्हणणे आहे. दोन राज्ये लढतात तेव्हा कोणी किती मुलूख घेतला, कोणाच्या किती तोफा गेल्या, यावरून बराचसा निकाल लागतो. यादवीत दोन्ही पक्ष एकाच गादीवर किंवा एकाच राज्यघटनेवर हक्क सांगत असतात, त्यामुळे मैदान मारणाऱ्याला राज्य मिळतेच असे नाही. हरलेल्यापाशी तेव्हाही त्याचे नाव, त्याचा शिक्का आणि त्याचा हक्क शिल्लक असतो. ते घेऊन तो घराबाहेरच्या कोणाकडे गेला, आणि त्या बाहेरच्याने दार उघडले, तर आदल्या दिवशीचा जय कवडीमोलाचा होतो. ज्या लढाईमुळे हे तिसऱ्याचे दार उघडते किंवा कायमचे बंद होते, तीच यादवीची दिशा बदलणारी लढाई. किती माणसे पडली आणि मैदान कोणाकडे राहिले, हे प्रश्न त्यानंतरचे.

हडपसरपर्यंतची वाट फक्त सात वर्षांची आहे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाविरुद्ध पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले एका बाजूने उभे होते. असे सगळे एकत्र येण्याची ती शेवटची वेळ ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडून दगावले. त्यांना मूल नव्हते, वारस ठरवण्याची सर्वांना मान्य अशी रीतही नव्हती, आणि मग वर्षभर पुण्यात जी कारस्थाने चालली त्यांतून डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव गादीवर आले. ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारले, तेव्हा पेशव्यांच्या घरात जे घडले तेच होळकरांच्या घरात सुरू झाले. तुकोजींच्या चार मुलांपैकी काशीराव एका बाजूला, मल्हारराव, विठोजी आणि यशवंतराव दुसऱ्या. दौलतराव शिंद्यांनी काशीरावांचा पक्ष घेतला आणि सप्टेंबरात पुण्यातच मल्हाररावांच्या गोटावर फौज घालून त्यांना ठार केले. मल्हाररावांच्या मृत्यूनंतर जन्मलेला त्यांचा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात राहिला. यशवंतराव निसटले, नागपुरात भोसल्यांच्या कैदेत पडले, तिथूनही निसटले, आणि माळव्यात फौज जमवू लागले. मार्च १८०० मध्ये नाना फडणीस गेले. महादजी शिंदे तर १७९४ मध्येच गेले होते. भांडणाऱ्यांना एका जागी बसवू शकेल असा कोणी आता उरला नव्हता.

त्यानंतरचे प्रकरण आजही वाचवत नाही. एप्रिल १८०१ मध्ये पेशव्यांच्या माणसांनी विठोजी होळकरांना पकडून पुण्यात आणले आणि त्यांना हत्तीच्या पायाशी बांधून मारण्यात आले. बंडखोराला शिक्षा, असे त्याचे समर्थन करता येईल. बाजीरावांच्या बाजूने ते केलेही गेले. परंतु होळकर हे राज्याचे एक अंग होते, आणि त्या घरातल्या माणसाला गुरासारखे मारणे म्हणजे त्या घराला तडजोडीची वाट बंद करणे होते. त्याच वर्षी जुलैत यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणी कापल्या. ऑक्टोबरात शिंद्यांनी इंदूरला त्याची परतफेड केली आणि ते शहर लुटले. उज्जैन आणि इंदूर या दोन्ही लढाया हडपसरहून कमी भयंकर नव्हत्या. तरीही त्यांना निर्णायक म्हणता येत नाही, कारण दोन्हींनंतर भांडण घरातच राहिले.

१८०२ मध्ये यशवंतराव दक्षिणेत उतरले. त्यांच्या मागण्या ऐकल्या तर राज्य मोडायला निघालेल्या माणसाच्या त्या वाटत नाहीत. खंडेरावाला सोडा, होळकरांची दौलत होळकरांना द्या, शिंद्यांना आवरा, असे त्यांचे म्हणणे होते. पेशवेपद आपल्याला हवे असे ते म्हणत नव्हते आणि म्हणूही शकत नव्हते. बाजीरावांना मात्र त्या मागण्यांमागे विठोजींचा सूड दिसत होता, आणि त्यांना तसे दिसणे स्वाभाविक होते. त्यांनी बोलणी लांबवली आणि शिंद्यांच्या फौजेची वाट पाहिली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड झाला आणि तीन आठवड्यांच्या आत होळकरांचे सैन्य हडपसरला येऊन ठेपले.

लढाई एका दिवसात संपली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी सुरुवातीला होळकरांना मागे रेटले होते. मग यशवंतराव स्वतः घोडदळ घेऊन तोफांवर चालून गेले आणि बाजू उलटली. बाजीराव जवळच होते, पण निकाल स्पष्ट होताच त्यांनी सिंहगडाची वाट धरली. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, आणि माझ्या मते हडपसरची खरी लढाई तीच. पुण्यात असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले प्रतिनिधी, कर्नल बॅरी क्लोज यांच्याकडे पेशव्यांच्या कारभाऱ्याने एक लेखी कबुली पोहोचवली. त्यात सहा पलटणींची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने ठेवायची कंपनीची फौज, घेण्याची आणि तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून देण्याची तयारी होती. मैदानावरचा धूर विरला नव्हता तोवर तिसऱ्याच्या दारावर थाप पडलेली होती.

यशवंतरावांच्या हाती पुणे आले, आणि पुढचे काही आठवडे ते पाहत राहिले की हातात आलेल्या शहराचे करायचे काय. सुरुवातीला त्यांनी फौजेला शहर लुटू दिले नाही. पेशव्यांनी परत यावे म्हणून निरोप पाठवले. कर्नल क्लोज यांनी मध्यस्थी करावी, असा आग्रहही त्यांनीच धरला. ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण विजेताही त्याच दाराकडे बघत होता. पेशवे परत येत नाहीत हे दिसल्यावर जुन्नरहून बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव यांना आणून त्यांचा मुलगा विनायकराव याला गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला, पण तो कोणाच्याच मनात उतरला नाही. पुढे पैशाची चणचण भासली तेव्हा पुणेकरांकडून जबर वसुली झाली, आणि पहिल्या दिवसांत मिळवलेले थोडेफार पुण्यही त्यात गेले. पेशवाईची सगळी किंमत बाजीराव नावाच्या एका घाबरलेल्या माणसाबरोबर कोकणात उतरली होती. सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असे करत समुद्रमार्गाने ते डिसेंबरात वसईला पोहोचले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे त्यांनी तहावर सही केली.

तहाची कलमे पाहिली की देवघेवीचा हिशेब कळतो. किमान सहा हजार पायदळ कायम पेशव्यांच्या मुलखात राहायचे, त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख द्यायचा, सुरतेवरचा हक्क सोडायचा, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीचा निवाडा मानायचा, आणि इतर सत्तांशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत. बाजीरावांना यात गादी परत मिळाली. १३ मे १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या आधाराने ते पुण्यात पुन्हा गादीवर आले. त्याच वर्षी शिंदे आणि भोसले कंपनीविरुद्ध उभे राहिले, होळकर बाजूला थांबले, आणि २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव, डिसेंबरात गाविलगड असे एकेक करून सगळे गेले. असईला शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची जी कत्तल केली ती वेलस्ली आयुष्यभर विसरला नाही. पण असईच्या मैदानात जो प्रश्न सोडवला जात होता त्याचे उत्तर वर्षभरापूर्वी हडपसरला दिले गेले होते. पेशव्याच्या नावाने लढण्याचा अधिकार तेव्हा कंपनीकडे होता, आणि शिंदे-भोसले हे कागदावर पेशव्याच्या मित्राविरुद्ध लढणारे सरदार झाले होते.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे आणि तो हलका नाही. इंग्रज येणारच होते, असे म्हणता येते. निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौज घेतली होती, ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला होता, आणि गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीला (आर्थरच्या थोरल्या भावाला) थांबायचे नव्हते. मग हडपसर झाले नसते तर काय वेगळे घडले असते? याचे उत्तर बाजीरावांच्याच वागण्यात आहे. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या मुलखातला वाटा देऊ करून वेलस्लीने पुण्यापुढे तैनाती फौजेचा प्रस्ताव ठेवला होता, आणि तो नाकारला गेला. नंतरही बाजीराव कधी टोलवत राहिले, कधी फौज आपल्या हद्दीबाहेर ठेवण्याची अट घालत राहिले. ज्याला आपण भित्रा आणि दुबळा म्हणतो त्याच माणसाने तीन वर्षे ‘नाही’ म्हटले होते. २५ ऑक्टोबर १८०२ ला ते ‘हो’ झाले. कंपनीचे सामर्थ्य त्या एका दिवसात वाढलेले नव्हते. बाजीरावांची गरज वाढलेली होती.

याहून बोलका पुरावा त्यांच्या वडिलांचा आहे. राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी असाच तह केला होता. तेव्हाही पेशवेपदावर हक्क सांगणारा माणूस तिसऱ्याच्या दारात गेला होता, दार उघडलेही होते, आणि कंपनीची फौज त्याला गादीवर बसवायला पुण्याकडे निघालीही होती. जानेवारी १७७९ मध्ये ती वडगावला अडकली आणि शरण येऊन करार करून परतली. १७८२ च्या सालबाईच्या तहात राघोबांना पेन्शन घेऊन गप्प बसावे लागले. त्या वेळी नाना फडणीस, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांचे एकमेकांशी फार सख्य होते असे नाही. महादजी आणि नाना यांच्यात तर उघड स्पर्धा होती. तरीही बाहेरून आलेल्याला आत घेऊ नये, एवढ्यावर ते एक राहिले. दार तेच, थाप तीच, बापाची आणि मुलाची. (राघोबादादा असे वणवण करत असतानाच, १७७५ च्या जानेवारीत, धारला बाजीरावांचा जन्म झाला होता. ज्या मुलाचा जन्मच घराबाहेर झाला त्याला संकटात घराबाहेरची वाट आठवावी, याचे मला फारसे नवल वाटत नाही.) फरक एवढाच की १७७९ मध्ये आतून कडी लावणारे हात होते, आणि १८०२ मध्ये ते हात एकमेकांच्या गळ्याशी होते.

म्हणूनच सगळा दोष बाजीरावांच्या भित्रेपणावर टाकणारे उत्तर मला अपुरे वाटते. ते भित्रे होते, कारस्थानी होते, आणि विठोजींचा मृत्यू त्यांच्याच माथी आहे. पण राज्याचा सगळा डोलारा एका माणसाच्या धैर्यावर उभा असेल तर तो डोलाराच मुळात कच्चा म्हटला पाहिजे. साताऱ्याचे छत्रपती नावाला उरलेले, पेशवे त्यांच्या वतीने राज्य करणारे, सरदार पेशव्यांच्या वतीने मुलूख जिंकून तो आपलाच मानणारे, आणि या तिघांत तंटा झाला तर निवाडा कोणी करायचा याची कुठेही तरतूद नाही. अशा रचनेत तंटा झाला की तो मैदानातच जातो आणि मैदानातून बाहेर पडलेला माणूस पुढे कुठे जाईल, यावर कोणाचाच ताबा राहत नाही.

आता याच कसोटीची उलटी बाजू पाहण्यासाठी साठ वर्षे पुढे आणि समुद्रापलीकडे जावे लागते. अमेरिकेच्या यादवी युद्धातली निर्णायक लढाई म्हणून बहुतेकांना गेटिसबर्ग माहीत असते. जुलै १८६३ मधल्या त्या तीन दिवसांत दोन्हीकडची मिळून सुमारे ५० हजार माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली, त्यामुळे ते नाव गाजणे साहजिक आहे. तिसऱ्याच्या दाराची कसोटी लावली तर मात्र गेटिसबर्गच्या नऊ-दहा महिने आधी, १७ सप्टेंबर १८६२ रोजी, मेरीलँडमधल्या शार्प्सबर्ग गावाशेजारी अँटिएटम नावाच्या ओढ्याकाठी झालेली लढाई वरचढ ठरते. लष्करी दृष्टीने ती जवळजवळ अनिर्णित होती. उत्तरेच्या जनरल मॅक्लेलनला शत्रूच्या हुकमाची प्रत आधीच सापडली होती. तीन चिरूटांभोवती गुंडाळलेला तो कागद त्याच्या शिपायांना शेतात मिळाला होता. सैन्यही त्याच्याकडे जवळजवळ दुप्पट होते. तरी दिवसभरात दोन्हीकडची मिळून सुमारे २३ हजार माणसे कामी आली किंवा घायाळ झाली, हजारो शिपाई त्याने राखीवच ठेवले, आणि दक्षिणेचा जनरल ली दुसऱ्या रात्री निवांतपणे पोटोमॅक नदी ओलांडून निघून गेला. लिंकन इतके वैतागले की नोव्हेंबरात त्यांनी मॅक्लेलनला दूर केले.

परंतु त्याच सप्टेंबरात लंडनमध्ये काय चालले होते ते पाहावे. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे आणि उत्तरेच्या नाकेबंदीने तो थांबला होता. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून कामगार उपाशी मरत होते. पंतप्रधान पामर्स्टन आणि परराष्ट्रमंत्री रसेल हे दोघांत मध्यस्थी करण्याचा आणि त्यातून दक्षिणेला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता देण्याचा विचार करत होते. रसेलने पामर्स्टनला आता वेळ आली आहे असे ज्या दिवशी लिहिले तो दिवस १७ सप्टेंबरच होता. अँटिएटमची बातमी अजून अटलांटिक ओलांडून आलेली नव्हती. ती आली आणि ली मागे हटल्याचे कळले, तेव्हा पामर्स्टन थबकले आणि आणखी वाट पाहू असे म्हणू लागले. अर्थमंत्री ग्लॅडस्टनने ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या भाषणात दक्षिणेने राष्ट्र घडवले आहे असे जाहीर बोलून टाकले होते, तरी नोव्हेंबरात फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने पुढे केलेला संयुक्त मध्यस्थीचा प्रस्ताव ब्रिटिश मंत्रिमंडळाने फेटाळला.

दार लोटले गेले होते, त्याला कडी लिंकन यांनी लावली. गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी २२ जुलैलाच मंत्रिमंडळापुढे वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांचा सल्ला होता की पराभवांच्या मालिकेत तो काढला तर ती बुडत्याची शेवटची धडपड वाटेल, एखादा विजय मिळेपर्यंत थांबावे. अँटिएटमसारखा अर्धामुर्धा विजय मिळताच पाच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, तो जाहीर झाला आणि १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. त्याच्या मर्यादा मोठ्या होत्या. उत्तरेबरोबर राहिलेल्या सीमेवरच्या राज्यांतले गुलाम त्याने मुक्त केले नाहीत. पण त्याने युद्धाचा विषय बदलला. तोवर लंडनला म्हणता येत होते की ही दोन सरकारांची मारामारी आहे. त्यानंतर दक्षिणेच्या बाजूने उभे राहणे म्हणजे गुलामगिरीच्या बाजूने उभे राहणे ठरले, आणि तीस वर्षांपूर्वी आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने बंद केलेल्या देशाला ते परवडणारे नव्हते. मँचेस्टरच्या कामगारांनी, ज्यांच्या चुली त्याच नाकेबंदीने विझल्या होत्या, ३१ डिसेंबर १८६२ रोजी सभा भरवून लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र लिहिले. दक्षिणेला त्यानंतर कोणत्याही मोठ्या सत्तेने मान्यता दिली नाही.

या घटनेचा आपल्याशी संबंध नाही असे वाटत असेल तर मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर पाहावा. ब्रिटनने १८६२ मध्ये नाकेबंदी मोडली असती तर वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला तो वेडा भाव आला नसता, बॅक बेच्या शेअरांवर उड्या पडल्या नसत्या, आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळा फुगा फुटला तसा फुटलाही नसता. टॉवरसाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद त्याच तेजीचे राजे होते आणि त्याच मंदीत बुडाले. दुसरा धागा अधिक मोलाचा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी दाखवलेल्या त्यागाचा त्यात गौरव आहे.

तिसऱ्याचे दार दर वेळी लढणाऱ्यांच्या हातात असते, असेही नाही. स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या सैन्याने जुलै १९३८ मध्ये एब्रो नदी ओलांडली ती युरोपात लवकरच महायुद्ध पेटेल आणि ब्रिटन-फ्रान्स आपल्या बाजूला येतील या आशेने. नदीकाठी लढाई चालू असतानाच ३० सप्टेंबरला ब्रिटन-फ्रान्सने हिटलरशी म्युनिकचा करार केला आणि युद्ध तूर्त टळले. एब्रोची लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली, हजारो माणसे मेली, परंतु तिचा निकाल म्युनिकलाच लागून गेला होता. इंग्लंडच्या यादवीत १४ जून १६४५ ला नेसबीच्या मैदानावर पहिल्या चार्ल्सचे सैन्य तर मोडलेच, शिवाय त्याचा पत्रव्यवहारही पार्लमेंटच्या हाती लागला. राजा आयरिश आणि परदेशी कॅथलिकांची मदत मागत होता हे त्या पत्रांतून दिसले, आणि पार्लमेंटने ती छापून लोकांपुढे ठेवली. नेसबीला तोफा गेल्याने झाले त्यापेक्षा ती पत्रे गेल्याने राजाचे नुकसान अधिक झाले असे मला वाटते. बाहेरच्याला बोलावणाऱ्याची घरात अशी नाचक्की करणारे कोणी असेल, तर थाप मारणाराही दहादा विचार करतो. बाजीरावांच्या त्या लेखी कबुलीची नाचक्की करायला पुण्यात कोणी उरले नव्हते.

आपल्याकडे ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ अशी म्हण आहे, आणि मुलांना ती लोण्याच्या गोळ्यावर भांडणाऱ्या मांजरांच्या गोष्टीतून शिकवतात. मला ती म्हण सोयीची वाटते, म्हणून नावडती आहे. तीत सगळी लबाडी माकडाच्या पदरात पडते. माकडाला तराजू घेऊन बोलावणारी मांजरेच होती, हा गोष्टीतला भाग आपण ऐकतो आणि विसरतो. वसईच्या तहाला आपण इंग्रजांचा कावा म्हणतो, कावा होताच. तरी वसईपर्यंतचा प्रवास पेशव्यांनी स्वतःहून केला होता.

हडपसरचे नाव घ्यायला आपण का कचरतो, याचे आजचे कारण वेगळे आहे. यशवंतरावांचे चाहते १८०४ मधली कंपनीच्या कर्नल मॉन्सनची दाणादाण आणि भरतपूरचा वेढा सांगतात, पुण्याची वसुली सांगत नाहीत. पेशव्यांची बाजू मांडणारे पुण्याची वसुली सांगतात, हत्तीच्या पायाशी बांधलेले विठोजी सांगत नाहीत. शिंद्यांचा अभिमान असणारे असईच्या तोफखान्याबद्दल भरभरून बोलतात आणि मल्हाररावांवरच्या छाप्याबद्दल मौन पाळतात. यांतला प्रत्येक जण जे सांगतो ते खरे आहे. पाठ्यपुस्तकाने ही सारी अर्धी सत्ये एका पानावर आणावीत, खर्डा ते वसई ही सात वर्षे एक स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकवावीत, आणि वडगाव व हडपसर या दोन जागा शेजारीशेजारी ठेवून मुलांना फरक शोधायला लावावा, अशी माझी सूचना आहे. त्यात कोणाच्याही पूर्वजाचा अपमान नाही. पानिपतानंतर दहा वर्षांत महादजी दिल्लीत होते. त्या पराभवातून राज्य उठले होते. ज्यातून ते उठले नाही, तो प्रसंग मुलांना दोन ओळींत सांगणे हा अभ्यासक्रमाचा दोष आहे.

हडपसर जिंकणारे यशवंतराव तीन वर्षांनी, डिसेंबर १८०५ मध्ये, मदत शोधत पंजाबपर्यंत गेले. ती मिळाली नाही तेव्हा बियासकाठी त्यांनी कंपनीशी तह केला. हडपसर हरलेल्या बाजीरावांना आपण काय विकत घेतले ते कळायला पंधरा वर्षे लागली. ५ नोव्हेंबर १८१७ ला त्यांची फौज खडकीला कंपनीशी लढली आणि हरली. बारा दिवसांनी पुणे पडले, आणि शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढवायला बाळाजीपंत नातू पुढे झाले.